चेडवाच्या अंगाला लावायचं काय?

आमची मुलगी चैत्रात जन्मली. कोकणातल्या आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत चैत्र-वैशाखात पंख्याखाली झोपलं तरी उशी ओली होते. त्यामुळे तिच्या गालांवर लालसर चट्टे दिसायला लागले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, घामोळं. मानेच्या वळ्यांत आणि पाठीवर घामोळं होतंही. बारीक दाणे, वारा लागला की बसणारे. गालांवरचं आणि नडग्यांवरचं मात्र वेगळं दिसत होतं. हात फिरवला की खरखर लागायची, मधूनच तिथे पाणी सुटायचं. रात्री ती गाल माझ्या खांद्यावर घासत राहायची आणि झोपेतून दचकून रडत उठायची.

न्हाऊ घालायला शेजारच्या वाडीतल्या काकी यायच्या. आधी सर्वांगाला आवेल. ओल्या नारळाचा रस चुलीवर आटवून काढलेलं हे तेल आमच्याकडे सासूबाई स्वतः करतात. मग टाळू भरायची. मग चण्याचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद यांचा लगदा अंगावर गोल गोल फिरवून लव काढायची. त्यानंतर कढत पाणी, ओवा-बाळंतशेपांची धुरी आणि शेवटी टाळूवर वेखंड. नंतर बाळ छान झोपतं हे खरं. (दमून झोपतं, असं माझं मत. ते मी तेव्हा मनातच ठेवलं.)

चट्टे वाढले तसे सल्लेही वाढले. माहेरून बदामतेल आलं, मुंबईच्या नणंदेनं ऑलिव्ह ऑइलची बाटली पाठवली, शेजारणीनं साबण बदलायला सांगितलं. पोष्टात भेटलेल्या एका बाईंनी तर तिथल्या तिथे पर्समधून ट्यूब काढून दाखवली. त्या ट्यूबबद्दल पुढे सांगते.

मे संपता संपता आम्ही कणकवलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं डॉक्टरबाई चट्टे बघतील आणि मलम लिहून देतील. त्यांनी आधी माणसांची चौकशी केली. घरात दमा कुणाला? सकाळी उठल्याबरोबर शिंका कुणाला येतात? सासऱ्यांना दमा, मला लहानपणापासून धुळीच्या शिंका. मग त्यांनी लंगोट सोडून बघितला. तिथली कातडी अगदी स्वच्छ होती. "लंगोटाखाली ओल टिकते, म्हणून हे तिथे सहसा येत नाही. घामोळं वळ्यांत येतं, हे गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला." नाव अटोपिक डर्मटायटिस; इसबाचाच एक प्रकार, बाळांमध्ये बऱ्याचदा दिसणारा.

त्यांनी समजावलं ते असं. बाळाच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मोठ्या माणसापेक्षा साधारण 30 टक्के पातळ असतो. आतलं पाणी लवकर उडून जातं आणि बाहेरचं काहीही लवकर आत शिरतं. ज्यांच्या घरात दमा-शिंका आहेत अशा काही बाळांमध्ये हा थर जन्मतःच गळका असतो. तेव्हा आधी गळती थांबवायची, नवीन काही आत जाऊ द्यायचं नाही. पीठ, साय, हळद, वेखंड, साबण, पावडर सगळं बंद. धुरीसुद्धा बंद, दम्याच्या घरात तर आधी ती. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकायची, टॉवेलनं टिपून घ्यायचं, पुसायचं नाही, आणि अंग दमट असतानाच चट्ट्यांवर पांढरी साधी पेट्रोलियम जेली. घामोळ्यावर मात्र ती लावायची नाही, घामाची तोंडं बुजतात.

मी जरा हिरमुसलेच. माझ्या डोक्यात होतं की बाळाला सगळं झाडापानांचंच लावायचं, आणि बाई मला खनिज तेलाच्या कारखान्यातून आलेली वस्तू सांगत होत्या. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "हिच्यात वास नाही, प्रथिन नाही, पाणी नाही म्हणून टिकवायला औषधही घालावं लागत नाही. बाळाच्या कातडीला भांडायला काही उरतच नाही." मग त्यांनी पुढचा नियम सांगितला. चट्टे बसले की एका वेळी एकच नवी वस्तू, ती आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, रोज दोनदा, आठवडाभर. काही झालं नाही तर मग अंगाला. तेल, साबण, लोशन आणि घरचं काहीही असो, नियम तोच.

तेवढ्यापुरतं 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलमही दिलं, थोडेच दिवस, फक्त लाल चट्ट्यांवर. स्टेरॉइड म्हटल्यावर नवरा घाबरला. बाईंनी आपल्या बोटाचं पहिलं पेर दाखवलं: एवढ्या लांबीचं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. फार घाबरून कमी लावलं तर चट्टा बसत नाही आणि तेच मलम उगाच लांबत जातं.

आता ती पोष्टातली ट्यूब. मी तिचा फोटो काढून ठेवला होता, तो बाईंना दाखवला. एकात तीन औषधं: बुरशीचं, जंतूंचं आणि क्लोबेटासोल. हे शेवटचं स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. आमच्या भागात गजकर्णापासून काळ्या डागापर्यंत सगळ्याला हीच ट्यूब लावतात, दोन दिवसांत लाली जाते म्हणून. बाळाच्या लंगोटाखाली तर ती आणखी जोरानं आत मुरते, कातडी पातळ होते आणि बुरशी दबून आणखी पसरते. खोक्यावर लाल उभी रेघ आहे का बघा, असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. आमच्या त्या ट्यूबवर रेघ होती आणि तिला चिठ्ठीची गरज कधीच पडली नव्हती.

घरी आल्यावर खरा प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमी काय दुकानातला लावला? आवेल आणि चण्याचा पीठ. तुझो घोव तेच्यावरच वाढलो मां?" यावर उत्तर देणं कठीण होतं, कारण घोव समोरच धडधाकट बसला होता. मी एवढंच म्हटलं, "आई, ह्यांना इसब नव्हतं. हिला आहे." मग काकींना निरोप गेला की मालीश नको, नुसतं न्हाऊ घाला. काकी नाराज झाल्या, दोन दिवस आल्याच नाहीत. शेवटी सासूबाईंनीच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं.

पाण्याचीही एक गंमत आहे. आमची विहीर खाडीच्या बाजूला. मे महिन्यात तिचं पाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही आणि धुतलेल्या कपड्यांवर पांढरट थर बसतो. वरच्या वाडीतली जांभ्यातली विहीर मात्र गोड आणि हलकी. कडक पाण्यात साबण धुतला जात नाही, तो अंगावर आणि झबल्यांत राहतो. पाऊस पडेपर्यंत तिच्या न्हाण्याची आणि कपडे खळबळण्याची पाण्याची कळशी नवऱ्यानं वरून आणली. पावडरीच्या जाहिराती करणाऱ्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

माझी मैत्रीण आचऱ्याच्या पलीकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. तिच्याकडून आम्लता मोजायच्या रंगीत कागदाच्या पट्ट्या आणल्या आणि एका दुपारी ओटीवर पेल्यांची रांग लावली. निरोगी त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकी आम्लता जास्त), साडेपाचच्या आसपास असतो. जन्मल्यावर तो सातच्या जवळ असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत उतरत जातो. 'बाळांसाठी सौम्य' लिहिलेल्या, दुधाच्या वासाच्या साबणाच्या वडीनं पट्टी निळी-हिरवी केली, नऊच्या पुढे. साबण म्हटला की तो तसाच असणार, चरबी आणि क्षारापासून बनलेला. डॉक्टरांनी नंतर लिहून दिलेलं साबणविरहित क्लेन्झर साडेपाचवर थांबलं. चण्याचं पीठ पाण्यात कालवलं तर साधारण सहा. सासूबाई बघत उभ्या होत्या. "मगे? आमचा पीठच बरा!"

आकड्यापुरतं त्यांचं बरोबर होतं. पण पिठाची अडचण दुसरी आहे. एक म्हणजे ते घासतात, आणि घासल्यानं तोच पातळ थर निघतो. लव आपोआप गळते, पिठानं काढायची गरजच नसते. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. चणा, दूध, बदाम, शेंगदाणे ही खायची प्रथिनं आहेत. ती तोंडातून पोटात गेली तर शरीर त्यांना ओळखीचं मानायला शिकतं. फाटक्या कातडीतून आत गेली तर शत्रू मानायला शिकू शकतं. लंडनचे डॉ. गिडियन लॅक यांच्या गटानं 2003 मध्ये दाखवलं होतं की ज्या बाळांच्या चट्ट्यांवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. जपानमध्ये तर गव्हाचं प्रथिन घातलेल्या तोंड धुण्याच्या एका साबणामुळे 2,000 हून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. त्याआधी ती माणसं गव्हाचे पदार्थ व्यवस्थित खात होती. हे मी सासूबाईंना जपानसकट सांगितलं. त्यांनी जपान सोडून दिला, पण चट्टे ओले असताना साय लावायची नाही हे पटलं. ओल्या जखमेला दूध लागलं की माशा बसतात, हे त्यांचं कारण. मला कारणाशी घेणंदेणं नव्हतं.

मग तेल. कोकणात नारळ सोडून बाळाला तेल लावायचं म्हणजे देवाला नारळ न ठेवण्यासारखं. मी त्यावर बरंच वाचलं. फिलिपिन्समध्ये झालेला आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: इसब असलेल्या मुलांना ताज्या नारळाचं, न तापवता काढलेलं तेल खनिज तेलापेक्षा जास्त मानवलं. नारळाच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते काही जंतूंना आवर घालतं. उलट नणंदेचं ऑलिव्ह ऑइल ओलेइक आम्लानं भरलेलं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या 2013 च्या अभ्यासात त्यानं मोठ्या माणसांच्याही त्वचेचा थर कमकुवत केला. मोहरीच्या तेलाचंही प्राण्यांवरच्या प्रयोगात तसंच दिसलं होतं. सूर्यफुलाचं तेल त्वचेला चांगलं, त्यात लिनोलेइक आम्ल जास्त. पण स्वयंपाकघरातल्या सूर्यफुलाच्या पिशवीतून बाळाला तेल लावायचं हे आमच्या घरात कुणी सहन केलं नसतं, मीसुद्धा.

म्हणून नारळच, पण कोणता? आवेल चुलीवर कढतं. सासूबाई मोठ्या टोपात रस घालतात, तो फाटतो, तेल वर येतं, खाली चोथा तांबूस होतो. वास असा सुटतो की भाकरीला लावून खावं. चोथ्याचे बारीक कण तेलात राहतात आणि पावसात ते लवकर खवट होतं. आम्ही आवेल दोनदा पातळ मलमलीतून गाळलं, छोट्या बरण्यांत भरलं आणि एक उघडली की संपेपर्यंत दुसरी उघडायची नाही असं ठरवलं. हातावरच्या रुपयाएवढ्या जागेवर आठवडाभर काही झालं नाही. मग नडग्यांवर, मग पाठीवर. मालीश हलक्या हातानं, न्हाण्याच्या आधी नव्हे, नंतर. काकींना हे उलटं वाटलं, पण त्या परत यायला लागल्या होत्या.

डोक्याचं मात्र वेगळं निघालं. टाळूभोवती पिवळट खपल्या होत्या आणि सगळ्यांचा इलाज एकच, अजून तेल. त्या खपल्यांत मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट असतं आणि ते तेलावरच जगतं. रात्रभर तेल ठेवलं की त्याची मेजवानी. डॉक्टरांनी सांगितलं तसं न्हाण्याआधी अर्धा तास तेल, मऊ फणीनं खपल्या सैल करायच्या आणि धुऊन टाकायच्या. टाळू भरणं बंद झालं, यावर सासूबाई अजूनही रुसून आहेत.

मुठेलही करून बघितलं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारी चरबी हातानं वळून मुठी करतात. भेगा पडलेल्या टाचांना आमच्याकडे तेच लावतात. ते चाळीस अंशांच्या आसपास विरघळतं, म्हणून बोटावर घेतलं तरी घट्ट राहतं आणि चोळावं लागतं. बाळाच्या गालाला चोळणं नको होतं. त्यामुळे मुठेल माझ्या टाचांना.

औषधाच्या दुकानातलं फडताळ मी शेवटी गाठलं. पावसात नुसत्या जेलीनं भागत होतं, पण बाहेर जाताना लावायला हलकं लोशन हवं होतं. समोर पानाफुलांची चित्रं, मागे अक्षरं मुंगीएवढी. एक युक्ती कामाला आली. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात आणि 1 टक्क्याच्या आतले कुठल्याही क्रमानं चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकाऊपणाचं द्रव्य 1 टक्क्याच्या वर घालता येत नाही. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे येतं ते 1 टक्क्याहून कमी. 'बदाम आणि केशरयुक्त' लोशनमध्ये बदाम आणि केशर दोन्ही त्याच्या मागे उभे होते. पाणी, ग्लिसरीन, खनिज तेल आणि सुगंध यांचंच ते लोशन. 'नैसर्गिक सुगंध' म्हणून मिरवणाऱ्या दुसऱ्या बाटलीत लिनालूल आणि लिमोनीन लिहिलेले. ही लव्हेंडरची, लिंबाचीच द्रव्यं, पण संवेदनशील त्वचेला झाडातून आलं की कारखान्यातून हे कळत नाही. ओल्या पुसण्यांच्या (वाइप्सच्या) पाकिटावर मी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे ॲलर्जी आणू शकणारं टिकाऊपणाचं द्रव्य शोधते; हे नाव असलं की पाकीट परत. युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत त्याला 2017 पासून बंदी आहे. खरं तर घरी कापसाचे बोळे आणि कोमट पाणी असताना पुसण्या लागतात त्या एसटीत आणि परगावी. मी बाटल्या उलटून मागचं वाचतेय हे बघून दुकानदार म्हणाला, "वहिनी, परीक्षा आसा काय?" शेवटी घेतलेल्या लोशनवर चित्र नव्हतं, वास नव्हता आणि घटकांची यादी सगळ्यात छोटी होती. दुकानात ते खालच्या कप्प्यात होतं.

पावसाळ्यात दुसरीच कथा. दुपटी वाळेनात. घराच्या आत वलणी बांधल्या, चुलीवरच्या उबेत वाळवली तर धुराचा वास, पंख्याखाली वाळवली तर कुबट. दमट लंगोटामुळे जांघेत लालभडक चट्टा उठला, कडेला सुटे सुटे लाल ठिपके. हे इसब नव्हतं, बुरशी होती. कडेचे ठिपके हीच तिची खूण, असं डॉक्टर फोनवर म्हणाल्या आणि फोटो बघून क्लोट्रिमॅझोल दिलं, स्टेरॉइड नसलेलं. तिथे जेली बंद आणि बरं झाल्यावर झिंक ऑक्साइडचा पातळ थर. दिवसातून थोडा वेळ तिला गोधडीवर नुसतंच लोळू द्यायचं, लंगोट नाही, काही नाही. सासूबाईंना हा इलाज मनापासून आवडला, कारण यात काहीच विकत आणायचं नव्हतं. कपड्यांसाठी रिठ्याचं पाणी वापरून बघितलं, पण पावसात न वाळणाऱ्या कापडाला त्याचा चिकटपणा राहायचा. मग वास नसलेली पावडर थोडीच घालून एक जादा पाणी, असं ठरलं.

चट्टे गेले असं मी म्हणणार नाही. हवा बदलली, दात शिवशिवले, लाळ गालाला लागली की परत येतात. पण आता दोन दिवसांत बसतात आणि ती रात्री झोपते. रोज लोशन लावल्यानं इसब होतच नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये निरोगी बाळांवर मोठी चाचणी झाली आणि 2020 मध्ये निकाल आला की आधीपासून लावून ते टळत नाही. ज्याला आहे त्याला लावायचं, एवढंच.

गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले. प्रत्येकाच्या हातात बाळासाठी भेटीचा डबा: पारदर्शक झाकण, आत साबण, शॅम्पू, तेल, पावडर आणि सॅटिनची रिबीन. एका डब्यातली पावडर टाल्कची, जुन्या साठ्यातली. जॉन्सन अँड जॉन्सननं 2023 मध्ये जगभर टाल्क बंद करून मक्याच्या पिठावर नेली ती, पण बाकीच्यांची अजून मिळते. बाळाच्या श्वासात ती जाते, म्हणून कुठल्याही पावडरीला आमच्याकडे मनाई. मावशींनी तिच्या गळ्याला ती लावायला डबी उघडलीच होती. मी बोलणार एवढ्यात सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली. "चेडवाक नुको. वास येता म्हंजे चांगला असता असा नाय." मग माजघराकडे वळून मुलांना हाक मारली, "कॅरमाक पावडर होयी म्हणत होतास मां? ही घेवा."